आयबीएस आणि अन्नाची ॲलर्जी: रक्ताचा रिपोर्ट आणि आतड्याची साक्ष

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे होळी, गिरीज, निर्मळ, भुईगाव या बाजूला, एखाद्या घरात दिवसभरात काय-काय शिजतं ते पाहिलं, तर पोटाच्या तक्रारींत ज्यांच्यावर संशय घेतला जातो ते बहुतेक पदार्थ एकाच दिवसात ताटात येऊन गेलेले दिसतात. सकाळी चहाबरोबर पाव, दुपारी कांदा-लसणाच्या वाटणातली कोळंबी नाहीतर बांगड्याचं कालवण, एखाद्या वारी वालाचं बिरडं, मधल्या वेळी पिकलेलं केळं, झोपताना कपभर दूध. ज्याचं पोट महिनोन् महिने ठिकाणावर नाही, असा माणूस यातलं एकेक बाद करू लागतो. आधी दूध जातं, मग पाव, मग मासळी. तरी पोट दुखायचं थांबत नाही, तेव्हा कुणीतरी ‘ॲलर्जीची टेस्ट’ करून घ्यायला सांगतं आणि वीस-पंचवीस पदार्थांपुढे लाल खुणा केलेला रिपोर्ट हातात पडतो. त्या लाल खुणांमुळे आणखी निम्मं ताट रिकामं होतं. या लेखाचं म्हणणं असं की, अशा माणसाचा अन्नावरचा संशय बहुधा खरा असतो, पण आरोप चुकीच्या कलमाखाली ठेवलेला असतो. आतड्याच्या या दुखण्याचा आणि अन्नाचा संबंध आहे. त्यातल्या काही रुग्णांत तो ॲलर्जीच्या फार जवळ जाणाराही असू शकतो. मात्र तो रक्ताच्या रिपोर्टात सापडत नाही. तो सापडतो पदार्थ काही काळ थांबवून, पुन्हा खाऊन पाहिल्यावर.

आधी दुखणं नेमकं कोणतं ते पाहू. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, हा आतड्याच्या कामकाजातला बिघाड आहे. दुर्बिणीतून पाहिलं तर आतड्यावर जखम नसते, सूज नसते, गाठ नसते, पण दुखणं मात्र खरं असतं. 2016 साली ठरलेल्या ‘रोम-4’ निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल आणि त्या दुखण्याचा शौचाला होण्याशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मलाचं स्वरूप बदलण्याशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध असेल, तर त्याला आयबीएस म्हणतात. त्रासाची सुरुवात निदानाच्या किमान सहा महिने आधीची असावी लागते. कुणाला जुलाब जास्त, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून-पालटून दोन्ही. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या कार्यगटाने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लोकांत याचं प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास निघालं. त्याआधी मुंबईत झालेल्या एका पाहणीत ते साडेसात टक्क्यांपर्यंत होतं. म्हणजे दुखणं दुर्मीळ मुळीच नाही. आणि या रुग्णांना अन्न बाधतं ही काही आपल्याकडचीच समजूत नव्हे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे 197 रुग्णांना विचारलं, तेव्हा 84 टक्क्यांनी किमान एका पदार्थाचं नाव घेतलं. इतक्या लोकांचा अनुभव एका दिशेने जात असेल तर त्याला भ्रम म्हणून उडवून लावता येत नाही. पण अनुभव खरा असला म्हणून त्याचं कारणही लोक सांगतात तेच असेल, असं धरून चालणंही बरोबर नाही.

ॲलर्जी म्हणजे काय, हे शास्त्राला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं ते एका मासे न सोसणाऱ्या डॉक्टरामुळे. जर्मन डॉक्टर हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेला मासा खाल्ला की त्रास व्हायचा. 1921 साली कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे खाज सुटून गांधी उठली. प्राउस्निट्झ यांना स्वतःला मासा व्यवस्थित पचत होता. तेव्हा ॲलर्जी घडवणारं काहीतरी रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतं, एवढं सिद्ध झालं. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई नावाचं प्रतिपिंड, हे कळायला 1960 च्या दशकाची अखेर उजाडली. आयजीई शरीरातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतं. ओळखीचं प्रथिन समोर आलं की या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि हिस्टामाइनसारखी रसायनं बाहेर टाकतात. म्हणून खऱ्या अन्न-ॲलर्जीचा चेहरा ठरलेला असतो. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, उलटी, छातीत घरघर, आणि वाईट वेळ आली तर रक्तदाब कोसळणं. कोळंबी-शेवंडीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उकळून किंवा तळून नष्ट होत नाही. त्यामुळे ज्याला कोळंबीची खरी ॲलर्जी आहे त्याला चिमूटभर जवळ्याची चटणीही महागात पडते. आयबीएसचा रुग्ण सांगतो ते वेगळं असतं: जेवणानंतर पोट फुगतं, कळा येतात, शौचाला पळावं लागतं, कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, आज बाधलेला पदार्थ परवा निमूट पचतो. एवढा फरक असताना दोन्हींना एकच नाव देणं घाईचं ठरतं.

“पण माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे,” हा पहिला आक्षेप येतो, आणि त्याचं उत्तर आपल्याच देशातल्या आकड्यांत आहे. युरोपीय सहकार्याने बंगळूर-म्हैसूर भागात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे प्रौढांबद्दलचे निष्कर्ष 2016 साली आले. रक्ततपासणीत 26.5 टक्के लोकांमध्ये कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. पण तोच पदार्थ खाल्ल्यावर त्रासही होतो, असे संभाव्य ॲलर्जीचे लोक होते फक्त 1.2 टक्के. म्हणजे रक्तात खूण असलेल्या वीसपेक्षा जास्त माणसांमागे खरा त्रास साधारण एकालाच. शाळकरी मुलांच्या अशाच पाहणीत भारतातलं प्रमाण त्याहूनही खाली, 0.14 टक्के निघालं. वसईसारख्या दमट किनारपट्टीवर या गोंधळात आणखी एक भर पडते. गाद्या-उशांत वाढणारे धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांना माइट्स म्हणतात, त्यांच्या अंगातही ट्रोपोमायोसिन असतं आणि त्याची ठेवण कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिनशी बरीच जुळते. धुळीमुळे शिंका येणाऱ्या, दम्याचा त्रास असणाऱ्या माणसाच्या रक्तात माइट्सविरुद्ध तयार झालेलं आयजीई तपासणीत कोळंबीलाही चिकटतं. रिपोर्टात ‘कोळंबी: पॉझिटिव्ह’ असं येतं आणि आयुष्यभर कोळंबी खाऊन काही न झालेला माणूस त्या दिवसापासून ती सोडतो. तपासणी खोटं बोललेली नसते. तिने रक्तात काय आहे तेवढं सांगितलं. ताटातलं काय बाधतं, हा प्रश्न तिला विचारलाच नव्हता.

ॲलर्जीसारख्या दिसणाऱ्या, पण ॲलर्जी नसलेल्या आणखीही गोष्टी आहेत. बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फाविना तासन् तास पडून राहिली की जिवाणू तिच्यातल्या हिस्टिडीनपासून हिस्टामाइन बनवतात. अशी मासळी खाल्ली की तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, अंगावर चट्टे उठतात, जुलाब लागतात. शिजवल्याने हिस्टामाइन जात नाही. माणूस म्हणतो, “मला बांगड्याची ॲलर्जी झाली.” वास्तविक दोष त्या दिवशीच्या मासळीचा असतो, ताजा बांगडा त्याच माणसाला खुशाल पचतो. दुधाचं प्रकरणही असंच. वयात आल्यावर अनेकांच्या आतड्यातलं लॅक्टेज हे विकर कमी होतं, दुधातली साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात. भारतात हे प्रमाण उत्तरेपेक्षा दक्षिणेत जास्त आढळतं. अशा माणसाला कपभर दूध बाधतं, पण दही-ताक पुष्कळदा चालतं, कारण विरजणात साखर काही प्रमाणात आधीच खर्ची पडलेली असते. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असती तर दह्यानेही त्रास झाला असता. हाच तर्क मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी पुढे नेला. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, पाणी ओढून घेणाऱ्या आणि झपाट्याने आंबणाऱ्या कर्बोदकांच्या गटाला त्यांनी 2005 साली ‘फॉडमॅप’ हे नाव दिलं. गहू, कांदा, लसूण यांतले फ्रुक्टान, डाळी-कडधान्यांतले गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातलं लॅक्टोज, आंब्यातलं जास्तीचं फ्रुक्टोज हे सगळे या गटात मोडतात. 2014 साली याच गटाने आयबीएसच्या 30 रुग्णांना तीन-तीन आठवडे दोन प्रकारचा आहार स्वतः पुरवून तुलना केली. शंभराच्या मोजपट्टीवर त्रासाची सरासरी नेहमीच्या आहारात 44.9 होती, कमी-फॉडमॅप आहारात 22.8. यात ॲलर्जीचा संबंध कुठेच येत नाही. निरोगी माणसाच्या आतड्यातही या पदार्थांमुळे वायू होतो. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा इतक्या हळव्या झालेल्या असतात की तेवढ्या ताणानेही कळ येते.

इथेच थांबलो असतो तर निष्कर्ष सोपा होता: आयबीएस वेगळा, ॲलर्जी वेगळी, मामला संपला. पण 2021 च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने तो इतका सोपा ठेवला नाही. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठात गी बुक्सटान्स यांच्या गटाने उंदरांना आतड्याचा जिवाणू-संसर्ग घडवला आणि त्याच काळात अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन खाऊ घातलं. संसर्ग बरा झाला. पुढे कधी ओव्हाल्ब्युमिन पोटात गेलं की या उंदरांना पोटदुखी होऊ लागली. ज्यांना संसर्ग झालाच नव्हता त्यांना तेच प्रथिन काही करत नव्हतं. शोध घेतल्यावर दिसलं की, ओव्हाल्ब्युमिनविरुद्धचं आयजीई तयार झालं होतं, पण फक्त आतड्याच्या भिंतीत, संसर्ग झाला होता त्या भागात. मग हाच प्रश्न माणसांना लावण्यात आला. आयबीएसच्या 12 रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, दुर्बिणीतून, गहू, ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन), सोया आणि दूध यांचे अर्क सूक्ष्म प्रमाणात टोचले. बाराच्या बारा जणांत किमान एका अर्काने त्या जागी सूज आली. आठ निरोगी लोकांपैकी असं दोघांतच झालं. या रुग्णांच्या रक्तात त्या अन्नाविरुद्धचं आयजीई सापडत नव्हतं. प्राउस्निट्झ यांनी कातडीवर जे पाहिलं, त्याचाच भाऊ शोभेल असा प्रकार बरोबर शंभर वर्षांनी आतड्याच्या आतल्या अंगाला दिसला, आणि रक्ताला त्याचा पत्ताही नव्हता.

हा धागा आपल्याकडे जास्त लागू पडण्याजोगा आहे. आयबीएसची सुरुवात पुष्कळदा जुलाबाच्या एखाद्या जोरदार आजारानंतर होते. कॅनडातल्या वॉकर्टन गावात 2000 साली पिण्याच्या पाण्यात जिवाणू मिसळून हजारो लोक आजारी पडले. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर, डॉक्टरी नोंदीनुसार आजारी पडलेल्यांपैकी 36 टक्के लोकांत आयबीएसची लक्षणं होती आणि आजारी न पडलेल्यांत सुमारे 10 टक्के. इतर ठिकाणच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली, तर आतड्याच्या संसर्गानंतर वर्षभरात साधारण दहांतला एक जण आयबीएसकडे जातो असं दिसतं. जिथे दर पावसाळ्यात विहिरींत, नळांत गढूळ पाणी उतरतं आणि मुरडा-जुलाबाची साथ ही नवलाई राहिलेली नाही, तिथे हा रस्ता किती जणांनी ओलांडला असेल याचा अंदाज करता येतो. आजारपणात आतड्याची भिंत झिरपू लागते. त्या दिवसांत पोटात गेलेला पदार्थ शत्रूबरोबर दिसला म्हणून शत्रूच्याच यादीत नोंदवला जातो, असं ल्युव्हेनचा सिद्धान्त सांगतो. त्यावरून एक जुना पेच सुटल्यासारखा वाटतो: वर्षानुवर्षं आवडीने खाल्लेला पदार्थ एका आजारपणानंतर अचानक का बाधू लागतो. इटलीतल्या बोलोन्या इथल्या जोव्हानी बार्बारा यांनी 2004 सालीच दाखवलं होतं की, आयबीएसच्या रुग्णांत मास्ट पेशी आतड्यातल्या नसांना जितक्या चिकटून असतात, तितकी पोटदुखी जास्त. म्हणजे पेशी फुटते तिथेच नस असते, आणि निरोप थेट मेंदूकडे जातो.

जर्मनीतल्या कील इथे आनेट फ्रिचर-राव्हेन्स यांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. त्यांच्या दुर्बिणीच्या टोकाला सूक्ष्मदर्शक लेसर होता. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर गहू, दूध, सोया, यीस्ट, अंड्याचा पांढरा भाग यांचे पातळ द्रव एकेक करून सोडायचे आणि काही मिनिटं पेशींकडे बघत राहायचं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 108 रुग्णांपैकी 76 जणांत, म्हणजे 70 टक्क्यांत, एखाद्या द्रवाने आतड्याच्या अस्तराला भेगा पडून आतला द्रव बाहेर पाझरताना दिसला. त्या 76 मध्ये सर्वांत मोठा वाटा गव्हाचा होता, 60 टक्क्यांहून थोडा जास्त. या सगळ्यांची नेहमीची ॲलर्जी-तपासणी मात्र निगेटिव्ह होती. आता आक्षेप घ्यायचा तर इथे जागा आहे. ल्युव्हेनचे बारा रुग्ण ही लहान संख्या आहे. अर्क टोचून भिंतीत घालणं आणि तोच पदार्थ शिजवून, चावून, पचवून भिंतीपर्यंत पोहोचणं यात फार अंतर आहे. लेसरखाली दिसलेल्या भेगांवरून आहार ठरवला तेव्हा रुग्णांना बरं वाटलं, पण आपण काय सोडलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. हिस्टामाइनला अडवणारी ॲलर्जीवरची गोळी, एबास्टिन, हिच्या चाचण्यांत खोट्या गोळीपेक्षा फायदा दिसला, तरी तो मोजक्याच रुग्णांत. हे सगळं मान्य करूनही दोन वेगळ्या देशांतले, वेगळ्या पद्धतीचे प्रयोग एकाच जागेकडे बोट दाखवत आहेत. आयबीएसच्या काही रुग्णांत, सगळ्यांत नव्हे, अन्नाविरुद्धची प्रतिक्रिया आतड्यापुरती असते. म्हणजे ज्या रक्ततपासणीवर लोकांची भिस्त आहे, तीच या जागेबद्दल मुकी आहे.

मग दुसरी एक रक्ततपासणी पुढे केली जाते: आयजीजी नावाच्या प्रतिपिंडाची. ‘फूड इनटॉलरन्स पॅनल’ या नावाने ती हल्ली सर्रास विकली जाते. अडचण अशी की, आयजीजी हे बहुतांशी खाण्याची खूण आहे. जो माणूस रोज मासळी-भात खातो, त्याच्या रक्तात मासळीविरुद्ध आयजीजी सापडणं यात आजार काहीच नाही. 2008 साली युरोपच्या ॲलर्जी-तज्ज्ञांच्या संघटनेने ही तपासणी अन्न-ॲलर्जीच्या निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट म्हटलं. पण दुसरी बाजू लपवून चालणार नाही. 2004 साली मँचेस्टरमध्ये 150 रुग्णांवर झालेल्या चाचणीत आयजीजीनुसार पदार्थ सोडलेल्यांना खोट्या आहाराच्या तुलनेत 10 टक्के जास्त आराम पडला. 2025 साली अमेरिकेत आठ केंद्रांवरच्या 238 रुग्णांत, खास आयबीएससाठी बेतलेल्या 18 पदार्थांच्या आयजीजी-तपासणीवरून आहार दिला, तेव्हा पोटदुखी ठरावीक प्रमाणात उतरलेले रुग्ण 59.6 टक्के निघाले. खोट्या आहारावरचे 42.1 टक्के. हा फरक नगण्य नाही आणि पुढचे अभ्यास व्हायलाच हवेत. तरी त्याच आकड्यांत इशाराही आहे. ज्यांनी तपासणीशी संबंध नसलेले पदार्थ सोडले, त्यांच्यापैकीही शंभरातल्या बेचाळिसांना बरं वाटलं. शिवाय मँचेस्टरच्या चाचणीवर तेव्हाच बोट ठेवलं गेलं होतं: खऱ्या गटाने गहू-दूध जास्त सोडलं होतं, म्हणजे आजच्या भाषेत फॉडमॅपही कमी झाले होते. श्रेय तपासणीचं की सुटलेल्या गव्हा-दुधाचं, हे सांगता येत नाही. आणि बाजारात शंभर-दोनशे पदार्थांची लांबलचक यादी देणारी पॅनेलं ही त्या 18 पदार्थांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

बेचाळीस टक्क्यांना नुसत्या आहारबदलाने बरं वाटतं, म्हटल्यावर उलटा आक्षेप येतो: मग हे सगळं मनाचेच खेळ नव्हेत का? ऑस्लोतल्या एका प्रयोगाचं उत्तर मोठं बोलकं आहे. ग्लुटेन बाधतं म्हणून स्वतःहून गहू सोडलेल्या, पण सीलिॲक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) नसलेल्या 59 जणांना आठवडा-आठवडा वेगवेगळ्या वड्या खायला दिल्या. एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाहीत. आणि कोणती कोणती हे खाणाऱ्यालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. 2018 साली निकाल आला. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानने झालेले 24, ग्लुटेनने 13, आणि काहीच नसलेल्या वडीने 22. या तीन आकड्यांत सगळ्यांसाठी काहीतरी आहे. अपेक्षेने, धास्तीने पोट खरोखर दुखतं, हे 22 सांगतात. मेंदू आणि आतडं यांच्यातली वाट दुहेरी आहे, त्यामुळे त्या दुखण्याला ढोंग म्हणायचं कारण नाही. गहू खरंच बाधतो, पण दोष ज्याला दिला त्याचा नसून शेजारच्या कर्बोदकाचा असतो, हे 24 सांगतात. आणि उरलेल्या तेरांत कदाचित ल्युव्हेन-कीलची प्रथिनांविरुद्धची झुंज असेल. तीन वेगळी कारणं, वरून लक्षण एकच. म्हणूनच एका तपासणीने सगळ्यांचा निवाडा होत नाही.

मग करायचं काय? पहिलं पाऊल, हा आयबीएसच आहे ना याची खात्री. वजन उतरणं, शौचातून रक्त पडणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून पोटाच्या डॉक्टरांकडे जावं. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग, आव आणि जिआर्डियासारखे परजीवी ही कारणं विसरून चालत नाही. दुसरं, गहू सोडण्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करून घ्यावी. हा आजार पश्चिम-दक्षिणेपेक्षा उत्तर भारतात जास्त, तिथे तो साधारण शंभरात एकाला सापडतो. पण गहू सोडून काही महिने झाले की ही तपासणी फसवी ठरते. तिसरं, गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं एकदाही घडलं असेल, तर तो पदार्थ घरी ‘खाऊन बघू’ म्हणून चाखायचा नाही. ते काम ॲलर्जी-तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवूनच होतं. हे तिन्ही निपटलं की मग आहाराची पाळी. शक्यतो आहारतज्ज्ञाच्या मदतीने, दोन ते सहा आठवडे संशयित गट कमी करायचे. फरकच पडला नाही तर आहार पूर्ववत करायचा. उगाच ताणायचं नाही. फरक पडला तर एकेक गट परत आणायचा, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, आणि काय झालं ते लिहून ठेवायचं.

यासाठी आपलं स्वयंपाकघर समजतं तितकं आडमुठं नाही. लसूण सोडायचा म्हणजे फोडणीची चव गेली, असं वाटतं. पण फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलात लसणाच्या पाकळ्या परतून, तेलाला वास लागला की त्या झाऱ्याने काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि बाधणारा भाग जातो. मात्र पाकळ्या काढण्याआधी पाणी किंवा वाटण घालायचं नाही. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात चालते. वाल रात्रभर भिजवून, पाणी फेकून, मोड आणून, सोलून डाळिंब्या करायच्या, ही बिरड्याची जुनी रीत वायू करणाऱ्या साखरा बऱ्याच कमी करते. घाईत नुसते उकडलेले वाल बाधतात आणि डाळिंब्या सोसतात, यात नवल नाही. केळ्याचंही तसंच: मोनॅशच्या मोजणीत घट्ट, नुकतंच पिवळं झालेलं केळं कमी फॉडमॅपचं, तर ठिपके पडलेलं पिकलं केळं फ्रुक्टान वाढल्यामुळे जास्त. लसूण-कांद्याच्या जागी हिंग वापरला तर मात्र एक जपायचं. बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. सीलिॲक किंवा गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचावीत. भात, तांदळाची भाकरी, ताजी मासळी, अंडी यांत फॉडमॅप नसल्यातच जमा आहेत. म्हणजे वसईच्या ताटाचा मोठा भाग या काळातही जागेवर राहतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: एवढी उठाठेव कशाला, बाधणारं सगळं सोडून दिलं की झालं. त्याची किंमत मोजावी लागते म्हणून. दूध गेलं की कॅल्शियम जातं, डाळी गेल्या की शाकाहारी माणसाचं प्रथिन आणि तंतू जातात, मासळी गेली की किनाऱ्यावरच्या माणसाचं सर्वांत जवळचं आणि चांगलं अन्न जातं. फॉडमॅप दीर्घकाळ तोडले तर आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचंही खाद्य तुटतं. म्हणूनच तो आहार कायमचा नसून शोधाचा आहे, असं तो तयार करणारेच सांगतात. त्याहून मोठी हानी म्हणजे भीती. यादी लांबत गेली की लग्नकार्यात जेवण नको, पाहुण्यांकडे जाणं नको. आणि धास्तावलेलं आतडं आणखी दुखतं, हे त्या 22 जणांनी दाखवलंच आहे. ॲलर्जी आणि आयबीएस यांच्यातलं नातं अजून पूर्ण उलगडलेलं नाही. उद्या आतड्याच्या भिंतीतली प्रतिक्रिया सहज मोजणारी तपासणी निघेल, तेव्हा आजची काही मतं बदलतील. तोवर कोणत्याही रिपोर्टाची, कोणत्याही पथ्याची पारख एकाच प्रश्नाने करावी: यामुळे किती पदार्थ सुटले हे नव्हे, तर खात्री करून घेऊन किती पदार्थ परत खाता येऊ लागले.